हललं की दाबायचं

मे महिना. पाचपावलीचं सूतिकागृह.
कूलरची ताटी अर्धी सुकलेली
आणि मोटर अशी करवादते
की पोटातलं ऐकायचं तर
आधी तिलाच गप्प करावं लागतं.
करते. घाम फुटतो. फुटू दे.

मोनाली धकाते, चौतीस आठवडे.
कार्डावर लाल शाईत: ऐकू येत नाही, जन्मापासून.
सोबत सासू, सुभद्राबाई,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली
बाळासारखी काखेत धरून.
"काल रातीपासून हलून नाही राहिलं म्हणते."
म्हणते, म्हणजे बोटांनी.

जेली गार लागते, मोनाली दचकते.
बेंबीखाली डावीकडे डॉपलर सरकवते मी.
आधी वारेतली नुसती सूं सूं,
मग संथ ठोके, शहाऐंशी. हे आईचेच.
(मनगट धरून खात्री करायची. नव्या पोरी इथंच फसतात.)
दोन बोटं खाली, जरा आत दाबून,
आणि हा घ्या:
टकटकटकटक
एकशे बेचाळीस.

"मायबाई! कोणती घाई हाय याले!"
सुभद्राबाई मटकन स्टुलावर.
मोनाली बघते माझ्याकडे, मग तिच्याकडे,
मग परत माझ्याकडे.
आमच्या तोंडावरून उष्टं ऐकते ती
स्वतःच्या पोटातलं.

बावीस वर्षं मी एवढंच करत आले:
आवाज मोठा करायचा.
बाहेर तंबाखू मळणारा बापसुद्धा
दाराशी येऊन उभा राहतो.
आज ते बटण धरून मी बावळटासारखी.

स्पीकरच्या जाळीवर तिचा तळवा ठेवून पाहिला.
मान हलवते. नाही.
तेव्हा म्हातारी उठते.
"हिले पायातून समजते, सिस्टर.
माग चालू असला अन् धागा तुटला,
तर सैपाकघरातून हीच पयले धावते.
फरशी सांगते हिले."
आणि खाटेच्या पायथ्याशी जाऊन
सुनेचा तळपाय मांडीवर घेते,
कान मशीनकडे, बोटं टाचेवर,
टक टक टक टक,
मागे पडते, पुन्हा पकडते, पुन्हा मागे,
धापा टाकते. "इतका तं मोटरचा मागबी नाही पयत."

सासूनं सुनेचे पाय धरलेले
मी या वॉर्डात पहिल्यांदाच पाहिले.
मोनालीनं पाय ओढला नाही.
डोळे मिटून घेतले, बस.

मग दोन पट्टे, वीस मिनिटांचा कागद.
हातात छोटं बटण दिलं,
खुणेनं सांगितलं: हललं की दाबायचं.
इथं तिला कुणाची गरज नव्हती.

पाच मिनिटं. नऊ.
रेघ आपली सपाट, पेंगुळलेली.
डॉक्टरांना फोन लावावा का, अशी मी,
बारा,
आणि तिचा अंगठा खाली गेला.
कागदावर बारीक बाण,
त्याच्या पाठोपाठ रेघ चढली
एकशे साठला टेकली, उतरली.
पुन्हा अंगठा, पुन्हा चढ.
मी आवाज केव्हाच बंद केला होता.
ती दाबत होती, तो उत्तर देत होता,
किंवा उलट. मला काय कळतं?
मी फक्त खाली लिहिलं: ठीक.

कागद फाइलला लावताना सुभद्राबाईला बजावलं,
उन्हात नेऊ नका, काळा पडतो हा.
तिनं तो ओल्या फडक्यापासून दूर,
पदराच्या आत सारला.

कूलर चालू केला.
दारापर्यंत गेलेली मोनाली थबकली,
फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, हसली.
आणि बाहेरच्या त्या भट्टीत
पायऱ्या उतरता उतरता
रिकाम्या मुठीवर
अंगठा दाबला तिनं.

बटण तर माझ्याकडेच होतं.